साताऱ्यातलं मेडिकल, अॅपचे पाऊच आणि आईची थायरॉइडची गोळी

आजवर मिसळीचे रिव्ह्यू लिहिलेत, साड्यांच्या दुकानाचे लिहिलेत, एका वॉशिंग मशीनचा तर इतका लांबलचक लिहिला होता की कंपनीचा फोन आला होता, पण मेडिकलच्या दुकानाचा रिव्ह्यू लिहीन असं कधी वाटलं नव्हतं. दुकान साताऱ्यात आहे, पोवई नाक्यापासून आत एका गल्लीत. नाव टाकत नाही, कारण मालक काकांना विचारलं तर म्हणाले नाव नको गं बाई, लोक फोन करून गोळ्या विचारत बसतात आणि दुकानात गिऱ्हाईक उभं राहतं. गल्लीतले ओळखतील, बाहेर कडुनिंब आहे आणि दारात एक वजनकाटा आहे जो सगळ्यांना दोन किलो जास्त दाखवतो.

आई ६६ वर्षांची, साताऱ्यात एकटी राहते, मी पुण्यात, भाऊ बंगलोरला. आईला थायरॉइड चौदा वर्षांपासून, गोळी ७५ ची. बाटली कायम उशाशी, तांब्याभांड्याच्या शेजारी. पहाटे साडेपाचला डोळे उघडले की गोळी आणि भांडंभर पाणी, मग अंगण झाडायचं, सडा टाकायचा, आणि तासाभराने चहा. का असं विचारलं तर सांगता यायचं नाही, पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून. चौदा वर्षांत उपासाचा दिवस असो की घरात लग्न असो, नेम चुकला नाही. टीएसएच, म्हणजे रक्ताच्या तपासणीतला तो आकडा जो गोळी कमी पडली की वाढतो आणि जास्त झाली की घटतो, कायम अडीच-तीनच्या आसपास.

मग आम्ही हुशार पोरं मधे पडलो.

गेल्या वर्षी तिच्या गोळ्या वाढल्या. बीपीची आधीपासून होतीच. गुडघे दुखतात म्हणून हाडांच्या डॉक्टरांनी शेलकॅल, म्हणजे कॅल्शियमची गोळी दिली. हिमोग्लोबिन साडेनऊ आलं म्हणून फॅमिली डॉक्टरांनी लोहाची दिली. आणि अॅसिडिटीची पॅन ४० तर घरात होतीच, तीन वर्षांपूर्वी कधीतरी पाच दिवसांसाठी दिलेली, ती कोणी बंद कर म्हणालं नाही म्हणून चालूच राहिली. आई फोनवर म्हणायची की अगं कुठली खाल्ली कुठली नाही लक्षातच राहत नाही. तर दिवाळीत मी एका अॅपची सर्व्हिस लावून दिली. ते काय करतात, तुम्ही सगळ्या प्रिस्क्रिप्शन अपलोड करायच्या, मग ते महिन्याच्या गोळ्या वेळेप्रमाणे छोट्या छोट्या प्लास्टिक पाऊचमधे भरून पाठवतात, प्रत्येक पाऊचवर तारीख आणि मोठ्या अक्षरात 'सकाळ' किंवा 'रात्र'. दिसायला एकदम झकास. मी फोटो काढून भावाला पाठवला, त्याने अंगठा दाखवला, आणि आपण आईसाठी केवढं मोठं काम केलं म्हणून दोघंही खुश.

अॅपचंही इथेच लिहून टाकते. पॅकिंग पाचपैकी पाच, डिलिव्हरी एकदाही चुकली नाही, दुकानापेक्षा स्वस्त, चॅटवर बोलणारी माणसं गोड. फक्त चार महिन्यांत कोणी एक प्रश्न विचारला नाही. तीन डॉक्टरांची तीन प्रिस्क्रिप्शन आणि प्रत्येकावर १-०-०, म्हणजे सकाळी एक, दुपारी-रात्री नाही, मग त्यांनी सगळं १-०-० एका पाऊचमधे भरलं. थायरॉइड, पॅन, शेलकॅल, लोह, बीपी, पाचही गोळ्या 'सकाळ' लिहिलेल्या पाऊचमधे. आणि आई बिचारी शहाण्यासारखी सकाळी पाऊच फाडायची आणि चहाच्या आधी एका दमात पाचही गोळ्या घ्यायची. उशाची बाटली गेली ती गेलीच.

मार्चमधे मी घरी गेले तर आई भर दुपारी स्वेटर घालून बसलेली. सातारा थंड आहे मान्य, पण मार्चमधे दुपारी स्वेटर? चेहरा सुजल्यासारखा, आवाज जड, पोट साफ होत नाही म्हणून रोज इसबगोल, आणि जी बाई मालिकेचा एक सीन सोडत नाही ती टीव्हीसमोर बसल्या बसल्या झोपतेय. रक्त तपासलं, टीएसएच ११.४. डॉक्टरांनी विचारलं गोळी नियमित घेता ना आजी, आणि आईला जो काही राग आला, चौदा वर्षांत खाडा नाही आणि हे मला विचारतात. बरं त्यांचंही चुकलं नाही, नंबर बघून कोणीही तेच विचारेल. त्यांनी डोस १०० चा लिहून दिला.

अॅपवर नवीन डोस यायला दोन दिवस लागणार होते म्हणून आम्ही चालत या मेडिकलला गेलो. काउंटरवर काकांची सून होती, बी.फार्म केलेली, तिशीतली असेल, कानात पेन खोचलेलं. तिने प्रिस्क्रिप्शन बघितलं, बाटली काढायला हात वर केला आणि तसाच थांबवला.

"काकू, तुमची ७५ ची होती ना? एकदम शंभर? मधे काही नवीन चालू झालंय का?"

आईने पर्समधून उद्याचं पाऊच काढून तिच्यासमोर ठेवलं, जरा ऐटीतच, की बघ माझ्या लेकीने केवढी सोय केलीय. तिने कात्रीने कापलं, स्टीलच्या ट्रेमधे ओतलं आणि पेनाच्या टोकाने गोळ्या बाजूला करायला लागली. सगळ्यात बारकी थायरॉइडची इकडे, शेलकॅल आणि लोह तिकडे, पॅन मधे. मग मला विचारलं, ताई, या सगळ्या एकदम घेतात? मी म्हटलं हो. ती मान हलवून हसली, मला तिथेच कळलं की काहीतरी घोळ आहे.

तिने जे सांगितलं ते मी जमेल तसं लिहिते. कॅल्शियम आणि लोह पोटात थायरॉइडच्या गोळीला धरून बसतात, चिकटतातच म्हणा ना, मग ती आतड्यातून रक्तात जायच्या ऐवजी तशीच बाहेर पडते. आधीच ही गोळी शोषली जायला नखरेल, अगदी उपाशीपोटी घेतली तरी पूर्ण जातच नाही, ४० ते ८० टक्के एवढीच जाते. त्यात मात्रा किती, तर ७५ मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलीग्रॅमचाही तेरावा भाग. आणि शेलकॅल ५०० म्हणजे आत कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलीग्रॅम. मी तिथेच मोबाईलवर भागाकार केला, सोळा हजार पटीपेक्षा जास्त. म्हणजे आमच्या घरी रोज सकाळी एका चिमणीच्या अंगावर सोळा हजार चिमण्या सोडत होतो आम्ही. म्हणून या दोन्हींमधे आणि थायरॉइडच्या गोळीत निदान चार तास अंतर हवं. जेलुसिल-डायजिनसारखी पांढरी-गुलाबी औषधं, ज्यात अॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असतं, त्यांनाही हाच नियम, अल्सरसाठी देतात त्या सुक्रालफेटलाही.

पॅनचं प्रकरण वेगळं निघालं आणि ते मला खरंच माहीत नव्हतं. पॅन चिकटत नाही, पण ती पोटातलं अॅसिड कमी करते, आणि थायरॉइडची गोळी नीट विरघळायला अॅसिड लागतं. मग मी म्हटलं तिलाही चार तास पुढे ढकलू, तर म्हणाली नाही ताई, उपयोग नाही, पॅन रोज घेतली की अॅसिड दिवसभरच कमी राहतं, वेळ बदलून काय होणार. ती म्हणाली पॅन लागतेच आहे का हे डॉक्टरांना विचारा, मी बंद करा म्हणणार नाही. हे तिचं आवडलं मला. तीन वर्षं घरात मुक्काम ठोकून बसलेल्या गोळीला पहिल्यांदा कोणीतरी विचारलं की बाई तू इथे का.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहितेय. १०० ची बाटली तिच्या हातात होती, प्रिस्क्रिप्शन बरोबर होतं, बिल करून देऊन टाकली असती तर कोणी काही म्हणालं नसतं. पण ती म्हणाली, देते मी, पण आधी डॉक्टरांना एक फोन करा आणि सांगा की कॅल्शियम-लोह बरोबर घेत होते. कारण तुम्ही घरी जाऊन वेळा नीट कराल, म्हणजे ७५ पूर्वीसारखी लागू पडायला लागेल, आणि वरून डोस शंभरचा केला तर जास्त होईल. या वयात जास्त झालं की धडधड, हृदयाचे ठोके अनियमित, आणि हाडं आणखी ठिसूळ. हाडांसाठी कॅल्शियम चालू, आणि त्याच्यामुळे वाढलेल्या डोसने हाडं जाणार, म्हणजे बघा.

फोन दुकानातूनच लावला. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, त्यांचंही कौतुक, इगो आड आणला नाही. म्हणाले मग ७५ च ठेवा, वेळा सुधारा, पॅन बंद करून बघू, दीड-दोन महिन्यांनी टीएसएच करा. मला वाटलं आठवड्यात कळेल, तर सूनबाई म्हणाली या औषधाचा अंगातला साठा निम्मा व्हायलाच साधारण सात दिवस लागतात, त्यामुळे नवीन हिशोब बसायला पाच-सहा आठवडे जातात, आधी केलं तर लॅबवाल्याचा फायदा. म्हणजे बघा, शंभरची बाटली विकली नाही, पॅनची स्ट्रिप गेली, आणि जी तपासणी मी लगेच करून टाकणार होते तीही पुढे ढकलली. धंद्याच्या हिशोबाने तो दिवस वायाच.

तिने एका औषधाच्या खोक्याच्या मागच्या पांढऱ्या बाजूवर टाइमटेबल लिहून दिलं, ते अजून फ्रिजवर आहे. पहाटे थायरॉइड पाण्याबरोबर, बाटलीतूनच काढून, कारण ही गोळी ओल, ऊन, उकाडा सहन करत नाही आणि महिनाभर आधी बाटलीबाहेर काढून ठेवायची नसते (पाऊचबद्दल हा आणखी एक मुद्दा). तासाभराने चहा. नाश्त्यानंतर बीपी. दुपारी जेवल्यावर शेलकॅल. रात्री जेवल्यावर लोह, कारण लोह आणि कॅल्शियम एकमेकांनाही आडवे येतात. आईने लगेच विचारलं, एकादशीला काय करायचं? तर म्हणाली काकू, गोळीला उपासच आवडतो, तुम्ही खुशाल घ्या. आई त्या एका वाक्यावर तिची फॅन झाली. कॉफी पिणाऱ्यांसाठी म्हणून सांगते, कॉफीही गोळीच्या आडवी येते, तीही तासभर थांबवायची. सोयाबीनची वडी सकाळी सकाळी कोण खातं माहीत नाही पण तिचाही तोच प्रकार.

मे संपता संपता टीएसएच केलं, ३.६. स्वेटर कपाटात गेला. इसबगोलही हळूहळू सुटलं.

त्यानंतर मी साताऱ्याला गेले की उगाच काहीतरी घ्यायला तिथे जाते आणि ऐकत उभी राहते, खरंच टाइमपास होतो. आईच्या शेजारच्या मावशींचं तिथेच कळलं. मावशींच्या हृदयाची झडप बदललीय, रक्त गोठू नये म्हणून कायमची वॉर्फरिन चालू, आणि त्यांना नव्याने थायरॉइड निघालं म्हणून ५० ची गोळी दिली. सूनबाईने विचारलं हृदयाच्या डॉक्टरांना सांगितलंत का? मावशी म्हणाल्या, थायरॉइडचा आणि हृदयाचा काय संबंध, ते वेगळे डॉक्टर. तर संबंध असा की थायरॉइड मंद असताना रक्त गोठवणारे जे घटक असतात तेही अंगात सावकाश संपतात, गोळी लागू पडायला लागली की ते भराभर संपतात, आणि मग वॉर्फरिनचा तोच डोस जास्त जोर करायला लागतो. पोटात चिकटायचा इथे प्रश्नच नाही, चार तासांचं अंतर ठेवून काही होत नाही, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी, वरचेवर करूनच डोस ठरवावा लागतो. मावशींनी तेव्हा मनावर घेतलं नाही. तीन आठवड्यांनी दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा केला आयएनआर, ४.८. डॉक्टरांनी वॉर्फरिन कमी केली, निभावलं. आता मावशी काउंटरवर आल्या की आधी सगळ्या चिठ्ठ्या पसरतात.

माझ्या मामेबहिणीचं अजून मजेशीर. तिची गोळी व्यवस्थित चालू, अचानक टीएसएच ०.०५. म्हणजे डोस फारच जास्त झाला असं दिसतं, पण तिला ना धडधड, ना वजन कमी, ना घाम, उलट ती म्हणतेय मी आहे तशीच आहे. डोस कमी करायच्या बेतात होते. मी तिला सूनबाईचा तो ठरलेला प्रश्न विचारला, नवीन काय चालू झालंय? तर केस गळतात म्हणून इन्स्टावर बघून बायोटिन नावाच्या व्हिटॅमिनच्या गमीज, रोज दहा हजार मायक्रोग्रॅम. माणसाला दिवसाला लागतं ३० च्या आसपास. बायोटिन थायरॉइडचं काही बिघडवत नाही, ते लॅबच्या मशीनला फसवतं, कारण बऱ्याच तपासण्यांच्या किटमधे बायोटिनच वापरून पकड बसवलेली असते, आणि रक्तात बायोटिनचा पूर असला की टीएसएच खोटं कमी दिसतं आणि टी-फोर, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन, खोटं जास्त. अमेरिकेत औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएने २०१७ मधेच याबद्दल इशारा दिला होता. गमीज बंद करून काही दिवसांनी परत तपासलं, २.१. केस गळायचे ते गळतातच आहेत म्हणे.

टीबीच्या औषधांबद्दलही एकदा तिथे कानावर पडलं, त्यातली रिफाम्पिसिन, आणि फिटच्या गोळ्यांपैकी फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, या लिव्हरला असं कामाला लावतात की थायरॉइडचं औषध लवकर संपतं, डोस वाढवावा लागतो, आणि टीबीचा कोर्स संपला की परत कमी करायला विसरायचं नाही. इस्ट्रोजेनवाल्या गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्या तरी डोस वाढू शकतो. शुगरवाल्यांनी थायरॉइडची गोळी सुरू झाली की शुगरवर डोळा ठेवायचा, इन्सुलिन जास्त लागू शकतं. ठोक्यांसाठी जी अॅमियोडॅरोन देतात तिच्यात वजनाच्या ३७ टक्के आयोडीनच असतं, त्यामुळे ती थायरॉइडला कुठल्याही बाजूला ढकलू शकते. आणि बाळ राहिलं तर लगेच डॉक्टरांकडे, कारण डोस साधारण पाव हिश्श्याने तरी वाढतो आणि नेमकं तेव्हाच लोह आणि कॅल्शियम दोन्ही चालू होतात. आमच्या वहिनीला सातव्या महिन्यात मीच फोन करून वेळा विचारल्या, ती वैतागली, पण तीही तिन्ही गोळ्या एकदमच घेत होती.

आता तक्रारी, नाहीतर म्हणाल पैसे घेऊन लिहिलंय. एक म्हणजे दुकान फार हळू चालतं. प्रत्येकाची चौकशी होते म्हटल्यावर मागचा माणूस ताटकळतो, एकदा एक पोरगा फक्त ओआरएसचं पाकीट घ्यायला वीस मिनिटं उभा होता आणि शेवटी पैसे काउंटरवर टाकून पाकीट घेऊन गेला. बसायला स्टूल नाही, गुडघे दुखणाऱ्या बायकांना उभं करून कॅल्शियम समजावतात. डिस्काउंट एक रुपया नाही, मागितला तर काका ऐकू न आल्यासारखं करतात. आणि काका हा वेगळाच विषय आहे. सून नसताना एकदा त्यांनी आईला दुसऱ्याच कंपनीची बाटली दिली, न सांगता, "सेमच असतंय". सेम नसतंय काका. या गोळीत थोड्या फरकानेही टीएसएच हलू शकतं म्हणून शक्यतो एकच ब्रँड ठेवायचा, आणि बदललाच तर दीड महिन्याने तपासायचं, हे मला तुमच्याच सुनेने सांगितलंय. बाटली परत केली, त्यांनी कुरकुर न करता घेतली, पण सुनेला सांगू नका म्हणाले. सांगितलं मी.

अॅप अजून आहे माझ्या फोनमधे, डायपर आणि शाम्पू मागवते. पाऊच बंद केले, त्यांना मेल लिहिला होता की थायरॉइडची गोळी तरी वेगळ्या पाऊचमधे भरा, उत्तर आलं की तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

दुकानाला पाचपैकी साडेचार, अर्धा स्टुलासाठी कापला. जाणार असाल तर सकाळी अकराच्या आत जा, सून तेव्हा नक्की असते, घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून न्या, आयुर्वेदिक आणि केसांच्या गमीजसुद्धा, आणि तुमची ८८ किंवा ११२ ची बाटली लागत असेल तर आठ दिवस आधी सांगून ठेवा, ती त्यांना पुण्याहून मागवावी लागते. गुरुवारी बंद.